मार्शल अर्जनसिंग : पाच ताऱ्यांचे एकमेव मानकरी

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. तेव्हापासून आजपर्यंत या दलात पाच ताऱ्यांचे पद केवळ एका अधिकाऱ्याला मिळाले आहे. ते अधिकारी म्हणजे मार्शल अर्जनसिंग. 'पंचतारांकित' हा शब्द आपल्याकडे हॉटेलवाल्यांनी कधीच पळवला असल्याने या पदाचे वजन चटकन ध्यानात येत नाही. लष्करात फील्ड मार्शल असतो, तसा हवाई दलात 'मार्शल ऑफ द एअर फोर्स'. लष्करातही हा मान सॅम माणेकशा आणि के. एम. करिअप्पा या दोघांनाच मिळाला. असा अधिकारी कधी निवृत्त होत नाही. हयात असेपर्यंत तो सेवेतच मानला जातो.

अर्जनसिंग यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात गौरव पुष्कळ असतो आणि तो योग्यही आहे. पण त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कसोटीचा काळ म्हणजे सप्टेंबर १९६५ चे तीन आठवडे. या आठवड्यांचा हिशेब मांडताना नुसता गौरव पुरत नाही. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने आपले पहिले मोठे युद्ध लढले ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्या युद्धात दलाने शौर्य दाखवले, चुकाही केल्या आणि त्या चुकांची किंमत वैमानिकांनी प्राण देऊन चुकवली. सेनापती म्हणून अर्जनसिंग यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

घोडदळाच्या घरातला वैमानिक

अर्जनसिंग यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ रोजी पंजाबातील लायलपूर येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात असून फैसलाबाद या नावाने ओळखले जाते. घराणे पिढीजात फौजी. पणजोबा आणि आजोबा 'गाइड्स कॅव्हलरी' या प्रसिद्ध घोडदळात होते, तर वडील 'हडसन्स हॉर्स'मध्ये. मुलगाही रिकिबीत पाय घालणार असे कोणालाही वाटले असते. शालेय शिक्षण माँटगोमेरी (आजचे साहिवाल) येथे झाले, पुढे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात नाव घातले. पोहण्यात ते पटाईत होते. लांब पल्ल्याच्या पोहण्यातील त्यांच्या विक्रमांची तेव्हा चर्चा होती. १९३८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील रॉयल एअर फोर्सच्या महाविद्यालयासाठी त्यांची निवड झाली आणि घोडदळाची परंपरा तिथेच खंडित झाली.

डिसेंबर १९३९ मध्ये ते अधिकारी म्हणून रुजू झाले. दुसरे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. भारतीय हवाई दल तेव्हा अगदीच लहान होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत चार 'वापिटी' विमानांनिशी उभी राहिलेली पहिली स्क्वाड्रन हेच काय ते दलाचे भांडवल. अर्जनसिंग यांची नेमणूक याच स्क्वाड्रनमध्ये झाली. काम होते वायव्य सरहद्द प्रांतातील टोळीवाल्यांविरुद्धच्या मोहिमांत लष्कराला साथ देण्याचे. डोंगरदऱ्यांतून संथ गतीने उडणारी ती दुपंखी विमाने रायफलच्या टप्प्यात सहज येत.

१९४० मध्ये मीरानशहाच्या परिसरात त्यांचे विमान असेच जमिनीवरून झालेल्या गोळीबारात सापडले. त्यांनी ते एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात कसेबसे उतरवले. आदळण्याच्या धक्क्याने त्यांच्या नाकाला जबर मार बसला. मागच्या आसनावरचा गनर विमानातून उडी मारून धावत सुटला, पण गोंधळात नेमका गोळीबाराच्या दिशेने. रक्ताळलेल्या चेहऱ्याने अर्जनसिंग त्याच्या मागे पळाले आणि त्याला माघारी घेऊन आले. थोड्याच दिवसांत ते पुन्हा उड्डाणाला हजर होते. हा प्रसंग पुढे ते हसत सांगत, पण त्यातून एक गोष्ट दिसते. लष्कराच्या डोक्यावरून उडणाऱ्या वैमानिकाला खालचे युद्ध किती जवळचे असते, याचा अनुभव त्यांनी एकविसाव्या वर्षीच घेतला होता.

महायुद्धातील त्यांची खरी कामगिरी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली. १९४३ मध्ये पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. विमाने आता 'हरिकेन' होती. १९४४ च्या आरंभी स्क्वाड्रन इंफाळच्या खोऱ्यात दाखल झाली आणि लवकरच जपानी सैन्याने ते खोरे वेढले. रस्ता तुटला, रसद विमानाने येऊ लागली. अशा स्थितीत ही स्क्वाड्रन टेहळणी करी, जपानी तुकड्यांचा माग काढी आणि लष्कराला दारूगोळ्याने साथ देई. जून १९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन स्वतः इंफाळला आले आणि त्यांनी युद्धभूमीवरच अर्जनसिंग यांच्या छातीवर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' लावला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते.

या सन्मानानंतर वर्ष उलटण्याच्या आतच त्यांना कोर्ट मार्शलला सामोरे जावे लागले, ही गोष्ट अनेक चरित्रलेखांत गाळली जाते. फेब्रुवारी १९४५ मध्ये केरळमध्ये एका शिकाऊ वैमानिकाला सोबत घेऊन त्यांनी घरांच्या छपरांवरून अगदी खालून विमान नेले. नियमांचा हा उघड भंग होता. लढाऊ वैमानिक घडवायचा तर त्याला अशा करामती यायलाच हव्यात, असा त्यांचा बचाव होता! हा युक्तिवाद शिस्तीच्या चौकटीत बसणारा नव्हता. तथापि त्यांच्या पुढील वाटचालीत या प्रकरणाचा अडसर झाला नाही. महायुद्ध संपल्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिक तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वातंत्र्यसोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावरून शंभरांहून अधिक विमानांनी सलामी दिली, तेव्हाही सर्वांत पुढच्या विमानात अर्जनसिंगच होते.

त्या दिवसांत त्यांचे जन्मगाव मात्र परक्या देशात गेले. ज्या सरगोध्यावर पुढे त्यांच्याच आदेशाने भारतीय विमाने झेपावली, ते ठिकाण लायलपूरपासून फार लांब नाही.

१९६२ ची सावली

स्वातंत्र्यानंतर बढत्या झपाट्याने मिळाल्या. इंग्रज अधिकारी परतले होते, फाळणीत माणसे आणि सामग्री दोन्ही वाटली गेली होती आणि तिशीतल्या तरुणांवर एअर कमोडोरची जबाबदारी येऊन पडली होती. १९४९ ते १९५२ आणि पुन्हा १९५७ ते १९६१ अशी दोन वेळा अर्जनसिंग यांनी 'ऑपरेशनल कमांड'ची धुरा सांभाळली. हाच विभाग पुढे पश्चिम हवाई विभाग म्हणून प्रसिद्ध झाला. पाकिस्तानशी युद्ध झाले तर ज्या तळांवरून ते लढायचे, ते सर्व तळ त्यांना तळहातासारखे माहीत झाले ते याच वर्षांत.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आक्रमण केले. हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी त्या काळात अक्षरशः जिवावर उदार होऊन काम केले. लढाऊ विमाने मात्र शेवटपर्यंत वापरली गेली नाहीत. आपण विमाने पाठवली तर चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकील, या भीतीने दिल्ली थबकली. हा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. सैनिक डोंगरात एकाकी लढत असताना आपण तळांवर बसून राहिलो, हे शल्य मात्र हवाई दलातील त्या पिढीच्या मनात कायमचे रुतले.

पराभवानंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस ज्याचे वर्णन करतो तो हाच क्षण. संरक्षण दलांच्या पुनर्बांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. हवाई दल ४५ स्क्वाड्रनपर्यंत वाढवायचे ठरले. सोव्हिएत रशियाकडून 'मिग-२१' घ्यायचे आणि पुढे ते देशातच बांधायचे, हाही त्याच काळातला निर्णय. त्यासाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. अर्जनसिंग या काळात प्रथम उपप्रमुख पदावर आणि मग व्हाइस चीफ पदावर होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी हवाई दलांच्या सहभागाने झालेल्या 'शिक्षा' या संयुक्त सरावाची सूत्रेही त्यांच्याचकडे होती.

१ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते हवाई दलप्रमुख झाले. आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण त्या वेळी हवाई दलप्रमुखाचे पद तीन ताऱ्यांचे, म्हणजे एअर मार्शलचे होते. लष्करप्रमुख मात्र चार ताऱ्यांचे जनरल. दोघे एकाच टेबलाशी बसत, पण हुद्दा एक नव्हता. दिल्लीच्या दरबारात अशा गोष्टी किरकोळ नसतात. लष्कर हाच थोरला भाऊ आणि बाकीची दले त्याच्या मदतीला, ही समजूत तेव्हा मंत्रालयापासून छावणीपर्यंत सर्वत्र होती.

१ सप्टेंबरची संध्याकाळ

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झडल्या, तेव्हा पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख अस्गर खान यांनी अर्जनसिंग यांना फोन केला. दोघेही एके काळी एकाच हवाई दलाचे अधिकारी. दोन्ही हवाई दलांनी या भांडणापासून दूर राहावे, असा प्रस्ताव अस्गर खान यांनी मांडला आणि तो पाळला गेला. पुढच्याच काही महिन्यांत अस्गर खान निवृत्त झाले, नूर खान आले आणि फोनवर असे काही ठरण्याचे दिवस संपले.

ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मिरात हजारो घुसखोर पाठवले. भारताने प्रत्युत्तर देऊन २८ ऑगस्टला हाजीपीर खिंड घेतली. १ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्तानच्या तोफा छांब भागात धडधडू लागल्या आणि त्यामागोमाग रणगाडे पुढे सरकले. लक्ष्य होते अखनूरचा पूल. तो पडला असता तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारी वाट तुटली असती. आपल्याकडे त्या भागात हलक्या रणगाड्यांचा जेमतेम एक ताफा होता. दुपार होईतो परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली आणि लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांनी हवाई दलाची मदत मागायचे ठरवले.

दुपारी चारच्या सुमारास यशवंतराव, चौधरी आणि अर्जनसिंग एकत्र आले. लढाऊ विमाने वापरणे म्हणजे संघर्षाची पातळी वाढवणे, हे तिघांनाही ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी याच उंबरठ्यावर दिल्ली अडखळली होती. मंत्रिमंडळाच्या समितीची औपचारिक बैठक बोलवावी, चर्चा व्हावी, मग निर्णय घ्यावा, हा राजमार्ग उपलब्ध होता. पण सूर्य मावळायला फार वेळ उरला नव्हता. विमाने केव्हा पोहोचू शकतील, या प्रश्नाला अर्जनसिंग यांनी तासाभरात असे उत्तर दिले. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. तासाभराची मुदत हवाई दलप्रमुखाने मागितली खरी, पण पठाणकोटहून पहिली विमाने ५ वाजून १९ मिनिटांनी उडाली आणि तोही अवधी त्याला पुरेपूर लागला नाही.

यशवंतरावांनी त्या दिवसांत टिपणे ठेवली होती. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने वाचकांपुढे आणली. शांत डोक्याचा, न डगमगणारा सहकारी म्हणून अर्जनसिंग यांची यशवंतरावांवर पडलेली छाप त्या नोंदींत स्पष्ट उमटली आहे. सैन्याची पार्श्वभूमी नसलेल्या मंत्र्याने इतक्या थोड्या वेळात इतका मोठा निर्णय घेतला, त्यामागे समोर बसलेल्या माणसाच्या शब्दावरचा विश्वास होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता या संध्याकाळची दुसरी बाजू. एकूण २६ विमाने गेली : १२ 'व्हँपायर' आणि १४ 'मिस्टेर'. 'व्हँपायर' हे महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेले, जेट युगाच्या पहिल्या पिढीतले विमान. १९६५ मध्ये ते जवळजवळ कालबाह्य झाले होते. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या 'सेबर' विमानांशी पडली आणि चार 'व्हँपायर' कोसळली. तीन वैमानिक ठार झाले. धूळ, धूर आणि उतरते ऊन यांत आपले-परके ओळखणेही कठीण झाले होते. काही बॉम्ब आणि अग्निबाण आपल्याच वाहनांवर व दारूगोळ्यावर पडले. जमिनीवरील तुकड्यांशी थेट संपर्क साधण्याची व्यवस्था नीट बसलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी 'व्हँपायर' विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली. हा निर्णय आदल्या दिवशी, किंवा आदल्या वर्षी झाला असता तर, असा विचार मनात येतोच.

त्या हल्ल्याने अखनूर वाचले का? पाकिस्तानी रणगाड्यांची चाल मंदावली आणि आपल्या सैन्याला रात्र मिळाली, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने या मोहिमेचा सेनानीच बदलला. अख्तर मलिक यांच्याकडून सूत्रे काढून याह्या खान यांच्याकडे दिली आणि त्या अदलाबदलीत मोलाचा वेळ घालवला, हेही तितकेच खरे आहे. श्रेय वाटून द्यावे लागते. वाटून न देता येणारी गोष्ट एकच. १९६२ मध्ये जे घडले नाही ते १ सप्टेंबर १९६५ रोजी घडले, आणि आपले हवाई दल युद्धात उतरू शकते हे त्या संध्याकाळनंतर कोणाला सिद्ध करून दाखवावे लागले नाही.

बावीस दिवस

पुढचे दिवस चढउतारांचे होते. ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना 'नॅट' विमानातून पहिले 'सेबर' टिपल्याचे श्रेय मिळाले. बंगळूरला बांधले जाणारे हे चिमुकले विमान. वैमानिकाला त्यात अंग चोरून बसावे लागे. पण त्याच्या लहान आकारामुळेच ते शत्रूला दिसत नसे. देशभर 'नॅट'चा जयजयकार झाला. त्याच दिवशी दुसरे एक 'नॅट' पाकिस्तानच्या पसरूर धावपट्टीवर उतरले आणि शत्रूच्या हाती लागले, याचा उल्लेख आपल्याकडे हळू आवाजात होतो.

६ सप्टेंबरला भारतीय लष्कर लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेले. युद्धाचे रूप त्या पहाटे पालटले. अशा वेळी शत्रूच्या विमानतळांवर पहिला घाव घालायचा, हा हवाई युद्धाचा सर्वमान्य संकेत. तो घाव पडला, पण आपल्यावर. त्याच दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास 'सेबर' विमाने पठाणकोटवर आली आणि उघड्यावर उभी असलेली दहा विमाने त्यांनी जागेवरच जाळली. त्यांत नव्याने आलेल्या मोजक्या 'मिग-२१' पैकी दोन होती. हलवाऱ्यावरील हल्ला मात्र आपल्या 'हंटर' विमानांनी हाणून पाडला. दुसऱ्या दिवशी भारतीय विमानांनी सरगोध्यावर लागोपाठ धडका दिल्या. तिथे स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या एकाकी लढत धारातीर्थी पडले. त्यांच्या झुंजीची हकिगत बऱ्याच उशिरा समोर आली आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्याच दिवशी पूर्वेकडे, बंगालमधील कलाईकुंडा तळावर ढाक्याहून आलेल्या 'सेबर' विमानांनी आपली 'कॅनबेरा' विमाने जमिनीवर गाठली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक यांनी त्यांना आकाशातच अडवले. पूर्व पाकिस्तानात युद्ध वाढवायचे नाही, असे सरकारचे धोरण असल्याने तिकडे जाऊन उट्टे काढण्याची मुभा हवाई दलाला मिळाली नाही.

दोन दिवसांत दोन तळांवर विमाने उघड्यावर सापडावीत, हे कोणत्याही सेनापतीला शोभणारे नव्हते. निवारे अपुरे होते. सूचना वेळेवर पोहोचत नव्हत्या. त्याहून मोठा दोष मुळात होता. लष्कराची योजना काय, ती केव्हा अमलात येणार, याची पुरेशी कल्पना हवाई दलाला नसे. तिन्ही दलांनी बसून एक आराखडा केला असे घडलेच नाही. त्या वेळी अर्जनसिंग यांचे व्हाइस चीफ असलेले प्रतापचंद्र लाल यांनी आपल्या आठवणींत या विसंवादावर स्वच्छ शब्दांत बोट ठेवले आहे. ही जबाबदारी एकट्या अर्जनसिंग यांची नव्हती. चौधरी यांचा कारभार एकहाती होता आणि हुद्द्यातील तफावतही आड येत होती. पण दलाचा प्रमुख म्हणून तिचा वाटा त्यांच्याकडे जातोच.

अर्जनसिंग यांचा गुण दिसला तो यानंतर. ७ सप्टेंबरच्या रात्री एखाद्या प्रमुखाने घाबरून सारी विमाने मागे ओढली असती, किंवा इरेला पेटून उरलीसुरली पणाला लावली असती. त्यांनी यांपैकी काही केले नाही. विमाने विखरून ठेवली गेली, तळांवरची गस्त वाढली, वैमानिकांवरचा विश्वास कायम राहिला. प्रमुख स्वतः तळांवर जात आणि वैमानिकांशी बोलत. दुसऱ्या आठवड्यापासून भारतीय हवाई दल स्थिरावले. 'कॅनबेरा' विमाने रात्रीमागून रात्री पाकिस्तानच्या आत खोल जात होती. २१ सप्टेंबरला त्यांनी सिंधमधील बदीनच्या रडार केंद्रावर केलेला हल्ला त्या युद्धातील नेमकेपणाचा नमुना मानला जातो. २३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धविराम झाला, तेव्हा दल सुरुवातीपेक्षा अधिक आत्मविश्वासाने लढत होते. आपण आणखी काही दिवस लढायला हवे होते, असे अर्जनसिंग पुढे अनेकदा म्हणत.

कोणाची किती विमाने पडली, याचे दोन्ही देशांचे आकडे आजही जुळत नाहीत. आपली विमाने अधिक गेली, हे मात्र भारतीय अभ्यासकही आता मोकळेपणाने मान्य करतात. दल मोठे होते, उड्डाणे अधिक झाली आणि जमिनीवर उभी असलेली विमाने बरीच गेली, ही त्याची कारणे.

युद्धानंतर

त्याच वर्षी अर्जनसिंग यांना पद्मविभूषण मिळाले. जानेवारी १९६६ मध्ये हवाई दलप्रमुखाचे पद चार ताऱ्यांचे करण्यात आले आणि ते पहिले एअर चीफ मार्शल झाले. व्यक्तीचा हा सन्मान होताच, पण त्यापेक्षा दलाचा अधिक. थोरल्या भावाशी बरोबरीने बोलण्याचा अधिकार हवाई दलाला कागदोपत्री मिळाला.

निवृत्तीपूर्वीची तीन-साडेतीन वर्षे त्यांनी डागडुजीला दिली. गाजावाजा नसलेले हे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुनी विमाने बाजूला होऊन 'मिग-२१'च्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या, ओझरचा कारखाना चालू लागला, देशात तयार झालेले 'मारुत' १९६७ मध्ये दाखल झाले, त्यापाठोपाठ रशियन 'सुखोई-७' आले. आणि पठाणकोटच्या धड्यानंतर सीमेजवळच्या तळांवर विमानांसाठी पक्के निवारे बांधले जाऊ लागले. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पुन्हा तोच डाव टाकला, अनेक तळांवर एकाच वेळी हल्ले केले आणि जवळजवळ काहीही हाती लागले नाही. विमाने निवाऱ्यांत सुरक्षित होती. तोवर दलप्रमुखपदी लाल आले होते. आपल्या आठवणींत ज्या विसंवादाबद्दल त्यांनी लिहिले, तो त्यांनी १९७१ मध्ये होऊ दिला नाही. लष्कराशी आणि नौदलाशी आधी बसून योजना आखली गेली. ढाक्यापर्यंतचा तो वेगवान विजय या तयारीतून आला. त्याचे श्रेय लाल यांचे आहे, पण पाया १९६५ च्या ठेचांवर रचलेला आहे. तिन्ही दलांनी एकत्र कसे लढावे, हा प्रश्न संरक्षण दलप्रमुखाचे पद निर्माण झाल्यावरही पूर्णपणे सुटलेला नाही.

जुलै १९६९ मध्ये अर्जनसिंग निवृत्त झाले तेव्हा अवघे पन्नास वर्षांचे होते. दलप्रमुख असतानाही त्यांनी विमान चालवणे सोडले नव्हते. साठ प्रकारची विमाने त्यांनी हाताळली होती. नंतर ते १९७१ पासून स्वित्झर्लंडमध्ये राजदूत होते आणि व्हॅटिकनचे कामही त्यांच्याकडेच होते. पुढे केनियात उच्चायुक्त, अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य, दिल्लीच्या आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष अशी पदे आली. डिसेंबर १९८९ पासून वर्षभर ते दिल्लीचे नायब राज्यपाल होते. या नेमणुका मानाच्या होत्या, इतकेच म्हणता येईल.

मार्शलपद जाहीर झाले ते २००२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्यांना दंड प्रदान करण्यात आला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. माणेकशा यांना १९७१ च्या विजयानंतर जेमतेम वर्षभरात फील्ड मार्शल करण्यात आले. अर्जनसिंग यांना ३६ वर्षे थांबावे लागले. १९६५ चे युद्ध निर्णायक नव्हते, आणि निर्णायक नसलेल्या युद्धाच्या सेनापतीला देश लवकर विसरतो, हे त्याचे एक कारण असावे. स्वतः अर्जनसिंग यांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. दिल्लीजवळची आपली शेतजमीन विकून त्यांनी दोन कोटी रुपयांचा न्यास स्थापन केला. निवृत्त हवाई सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणे हा त्याचा उद्देश.

नव्या पिढीने त्यांना पाहिले ते २०१५ च्या जुलैमध्ये. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे पार्थिव दिल्लीच्या पालम विमानतळावर आणण्यात आले, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जनसिंग चाकाच्या खुर्चीतून तेथे आले. पार्थिवासमोर पोहोचताच ते खुर्चीतून उठले आणि थरथरत्या हाताने त्यांनी कडक सलाम केला. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत होते. १५ एप्रिल २०१६ रोजी, त्यांच्या ९७ व्या वाढदिवशी, पश्चिम बंगालमधील पानागढच्या तळाला त्यांचे नाव देण्यात आले. हयात अधिकाऱ्याचे नाव हवाई दलाच्या तळाला देण्याची ती पहिलीच वेळ.

१६ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. १८ सप्टेंबरला ब्रार स्क्वेअर येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तोफांची सलामी देण्यात आली आणि लढाऊ विमानांनी वरून मानवंदना दिली. दिल्लीतील सरकारी इमारतींवरील राष्ट्रध्वज त्या दिवशी अर्ध्यावर उतरवलेले होते.